निळ्या फोनची दोन कातडी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मला घरून एका अटीवर पाठवत होते. अट मोठ्या बाबांनी घातली होती. मोठे बाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. बा वर्षातले आठ महिने मेंढरांमागे रानोमाळ, त्यामुळे घरात शब्द मोठ्या बाबांचा. अट अशी : "एक जरी बोलणं आलं तुझ्यावर, तर कॉलेज बंद."

बोलणं येणं म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. मुलगी कुठं उभी होती, कोणाशी बोलली, किती वेळ बोलली, हसली का, यातलं काहीही गावात येऊन कोणी सांगितलं की ते बोलणं. त्याला पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही, आणि जिच्यावर आलं तिला विचारायची पद्धत नाही. मला हे तेव्हाही अन्यायाचं वाटत होतं, आजही वाटतं. "त्यांच्या मनात वाईट नव्हतं" असं म्हणून मी ते मऊ करणार नाही.

त्या अटीला एक वस्तू बांधलेली होती. निळा फोन.

फोन मुळात निळा नव्हता. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती आणि आमच्या भागात ज्याच्या त्याच्या हातात एकच फोन दिसायचा, राखाडी, बटणांचा, साबणाच्या वडीएवढा. मोठ्या बाबांनी घेतला तोही तसलाच. जवळा बाजार या गावी आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर चार माणसांनी चार फोन फळीवर ठेवले, आणि उठताना मोठे बाबा भलताच उचलून आले. जीपमध्ये बसल्यावर तो वाजला. पलीकडून बाईमाणूस.

"अवो, येताना हिरव्या मिरच्या घ्या. आन् आत्याबाईच्या गोळ्या इसरू नका."

"कोण बोलून राहिली तू, बाई?" मोठे बाबा ओरडले.

"अगो बया! आता मलाच इचारता का? काहून, बाजारात बसून पिलेत का काय?"

जीपमधली सगळी माणसं हसली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी जाऊन फोन बदलून आणला आणि अंगणात रंगाचा डबा उघडून बसले.

मेंढरं राखणाऱ्या प्रत्येक घराची आपली खूण असते. आमची खूण म्हणजे मागच्या उजव्या फऱ्यावर, म्हणजे मांडीवर, निळा पट्टा. वाटेत दोन कळप एकमेकांत घुसले तर रंग पाहून वेगळे करायचे. कातरणी झाली की रंग. काडीला लोकरीचा बोळा गुंडाळायचा, ऑइलपेंटात बुडवायचा आणि ओढायचा. मोठ्या बाबांनी फोनला तेच केलं. काच आणि बटणं वाचवायला त्यांनी मोठ्या मायकडून, म्हणजे माझ्या चुलतीकडून, मळलेल्या कणकेचा गोळा मागून घेतला आणि फोनवर नीट थापला. रंग दिला. फोन पत्र्यावर वाळत ठेवला. संध्याकाळी कणीक खरवडून काढली. फोन निळा झाला होता, मागून, पुढून, कडेनं. बोळ्यातली लोकरीची चार-दोन केसं रंगात अडकून तशीच वाळली होती, हात फिरवला की बोटाला लागत.

"आता हरवंल कसा तेच बघतो," मोठे बाबा म्हणाले.

मोठी माय म्हणाली, "माझी दोन पोळ्यांची कणीक गेली ते कोण बघणार?"

हरवला नाहीच. आमच्या फाट्यापासून कुरुंद्यापर्यंत आणि कुरुंद्यापासून वसमतपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं, निळा फोन म्हणजे आमचं घर. मी शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा मोठ्या बाबांनी स्वतःला दुसरा घेतला आणि हा माझ्या हातात दिला. वर्गातल्या मुली म्हणाल्या, नशीबवान आहेस. फोन देणं आणि गळ्यात घंटा बांधणं यात फरक असतो, हे त्यांना कसं सांगणार? दुसऱ्या घंटीला उचलायचा, असा हुकूम होता. बरं, तोही पाळला असता. पण फोन आला नाही तरी तो काम करतच होता. दहा पावलांवरून दिसायचा. माझा चेहरा ज्यांना माहीत नव्हता त्यांनाही फोन माहीत होता.

पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी, मी भाकरी थापत असताना मोठे बाबा चुलीपाशी येऊन बसले.

"आज दुपारी स्टँडासमोर कोणासंगं बोलून राहिली होतीस?"

"तुमाला कोणी सांगितलं?"

"सांगणारा सांगतो. तू इचारलं तेवढं बोल."

"मैत्रिणीला लावला होता. वही तिच्याकडं राहिली म्हणून."

"पाच मिनिटं? वहीचं? उजव्या कानाला होता म्हणे."

उजव्या कानाला! मला भाकरी तव्यावर तशीच टाकून हसावंसं वाटलं आणि रडावंसंही. वसमतच्या स्टँडावर आमच्या गावचा एक माणूस दुपारभर उभा राहून माझा कान कोणता ते बघून ठेवतो. आणि त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुला दुसरं काम न्हाई का?

त्या वेळी ते बोलणं धरलं नाही. "ताकीद" म्हणाले. म्हणजे पुढचं धरणार.

अडचण अशी होती की त्याच दिवसांत मी एका कामात पडले होते. आमच्या बाजूच्या आठ-नऊ गावांतल्या मुली सकाळी जीपला लोंबकळून कॉलेजात यायच्या. आत बारा, मागच्या फळीवर सहा, त्यात आम्ही. सकाळची एक बस मिळावी म्हणून वसमतच्या एक वकीलबाई सह्या गोळा करत होत्या आणि आम्ही काही मुली त्यांच्याबरोबर लागलो. पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मला राग लवकर यायचा. पहिल्या पत्रकातलं पहिलं वाक्य अजून पाठ आहे : "मुलगी शिकली पाहिजे असं भिंतीवर लिहिता, तर ती कॉलेजपर्यंत पोचणार कशी तेही त्याच भिंतीवर लिहा."

वकीलबाई दिवसा फोन करायच्या. कोणत्या गावात किती सह्या झाल्या, छापखान्यात कधी जायचं. मी काय करणार? घंटी वाजली की मी निळा फोन ओढणीत गुंडाळायची आणि भिंतीकडं तोंड करून, नाकात बोलायची. बाई म्हणायच्या, "तुला सर्दी झालीय का गं सारखी?"

एका शनिवारी घरात कोणी नव्हतं. मी ठरवलं, रंग काढायचाच. विचारलं तर सांगू, घासून घासून गेला. मेंढरांच्या वाड्याच्या मागं बसले, थिनरची बाटली घेतली, मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेतली. रंग मोठ्या बाबांच्या हातचा. पावसात भिजणाऱ्या, काट्याकुट्यात घासणाऱ्या जनावरावर वर्षभर टिकावा असा. तो हलला नाही. हललं ते खालचं प्लास्टिक. कडेला मऊ पडलं, बोटाचा ठसा उमटला त्यावर. चिंधी बटणांवर गेली तर तीन, सहा आणि नऊ हे आकडे पुसून चिंधीवर आले. मी घाबरून फुंकर मारत बसले, जशी काही फुंकरीनं परत येणार. मग दुसरा उपाय नव्हता. घरातून कणीक आणली, मळली, काचेवर थापली, वाड्यातला रंगाचा डबा शोधला, काडीला लोकर गुंडाळली आणि ज्या रंगातून सुटायला बसले होते तोच रंग माझ्या हातानं परत लावला. ठसा झाकायला दोन हात दिले.

माय संध्याकाळी आली. नाक वर केलं. "कशाचा वास येऊन राहिला?"

"मेंढराला रंग लागला न्हाई नीट, म्हणून लावला जरासा."

माय चूल पेटवायला बसली. मेंढरं चार दिवसांपासून बाच्या संगं रानात होती. वाड्यात एकही नव्हतं.

दिवाळीनंतर मी वसमतच्या बाजारात एका दुकानासमोर उभी राहिले. दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही. भिंतभर फोनच्या बॉड्या प्लास्टिकच्या पुड्यांत लटकलेल्या, गुलाबी, सोनेरी, आरपार दिसणाऱ्या, फुलांच्या. तेव्हा लोक जुन्या फोनला नवी बॉडी घालून मिरवायचे. दुकानदारानं माझा फोन हातात घेतला आणि कडेवरचं लोकरीचं केस नखानं टिपून बघितलं.

"ये क्या है, बाजी? बाल निकल रहे इसको!"

"काळी बॉडी आहे का?"

"काली? कॉलेज के पोरियां तो गुलाबी लेते. काली हमारे चाचा लोगां लेते."

"तुमच्या चाचांची द्या."

तो हसला. त्यानं मला उघडायचं शिकवलं. मागचं झाकण अंगठ्यानं दाबून खाली सरकवायचं, बॅटरी काढायची, मग पुढच्या पट्टीच्या दोन्ही कडांना नख घालायचं. "नक्को, ज़ोर नक्को. नाखून से. छोटे बच्चे का कुरता निकालते वैसा." आतून हिरवी पट्टी आणि काच एका पत्र्याच्या चौकटीत निघाली, बटणांचं रबर माझ्या मांडीवर पडलं. एवढाच तो फोन होता. बाकी सगळं वरचं.

मला गुलाबी नको होती, सोनेरी नको होती. माझ्याकडं कोणी बघू नये, एवढाच रंग मला हवा होता. आणि त्यासाठी मी काय करत होते? घरी निळा, कॉलेजात काळा. रोज सकाळी जीपमधून उतरले की मुलींच्या खोलीत जायचं, माझी एक मैत्रीण दाराला पाठ लावून उभी राहायची, मी निळी बॉडी काढून काळी चढवायची. चारला उलट. निळी बॉडी मोज्यात घालून दप्तराच्या तळाशी. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागली आणि एक रबर उलटं बसलं. महिन्याभरात मी दोन मिनिटांत करू लागले.

मैत्रीण म्हणायची, "सापापेक्षा वाईट तुझं. तो कात टाकतो तर टाकतो. तू परत घालतीस."

"तू दार बघ."

"बघूनच राहिले की. माझ्या बापानं मला फोनच दिला न्हाई, तेच बरं म्हणायचं."

त्या अडीच महिन्यांत काम झालं, हे मी नाकारत नाही. मी रस्त्यावर उभी राहून बोलले. छापखान्यात बोलले, वकीलबाईंशी बोलले, कोणत्याही कानाला फोन लावून बोलले. आठ गावांच्या सह्या झाल्या. स्टँडावरचा आमच्या गावचा माणूस माझ्या बाजूनं दोनदा गेला आणि त्यानं वळूनही बघितलं नाही. तो मला ओळखतच नव्हता! इतके दिवस तो फोन ओळखत होता. मला याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाचा मला आज राग येतो. लपायला जागा मिळाली म्हणून मी खूश होते. लपावं का लागतं, हा प्रश्न मी पत्रकात विचारायची, घरात नाही.

आणि चूक तिथंच झाली. चूक काळ्या रंगात नव्हती. चूक अशी की मेंढरं राखणाऱ्या घरात वाढूनही मी मेंढरांचं विसरले. चोर मेंढरू नेतो तेव्हा सगळ्यात आधी त्यावरची खूण झाकतो, वरून आपला रंग फासतो. त्यामुळे मेंढरं राखणारा माणूस रंग दिसला की निश्चिंत असतो, पण रंग दिसायचा थांबला की उठून बसतो. मोठ्या बाबांच्या कानावर निळ्या फोनची खबर दर दोन-चार दिवसांनी यायची. कधी फाट्यावर, कधी स्टँडावर, कधी झेरॉक्सच्या दुकानात. काहीच वाईट नसलेली, नुसती खबर. दिवाळीनंतर ती बंद झाली. मला वाटलं, सुटले. त्यांना वाटलं, जनावर गेलं.

जानेवारी सरत आलेला. बा चार दिवसांसाठी घरी आला होता. मी कॉलेजातून आले तर दोघं भाऊ ओसरीवर बसलेले, माय आणि मोठी माय दाराशी. मोठ्या बाबांनी हात पुढं केला.

"आण फोन."

मी निळा फोन दिला. त्यांनी तो बघितला नाही. डोळे मिटल्यासारखे करून कडेवरून अंगठा फिरवला. लोकर विकत घेताना आत काय आहे ते बघायला फिरवतात तसा. जिथं पुढची पट्टी आणि मागचं झाकण मिळतं तिथं त्यांचा रंग सलग होता, सांध्यावरून ओढलेला. माझ्या नखांनी तो रोज दोनदा तोडला होता. सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंगाचे टवके गेले होते आणि खालचा राखाडी दोरा दिसत होता, चारी बाजूंनी.

"याला रोज सोलून राहिलं कोणतरी," ते म्हणाले.

त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"सकाळी साडेनऊला हा फोन मरतो. चारला परत मरतो. मी लावून पाहिला, आठ दिवस. फोनमधली बाई सांगती, बंद आहे म्हणून. दिवसातून दोनदा मरणारं जनावर मी पाहिलं न्हाई बाई. दुसरं कातडं कुठंय?"

मी दप्तरातून मोजा काढला आणि काळी बॉडी जमिनीवर ठेवली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली, आतून बाहेरून बघितली. मोठी माय म्हणाली, "अगं माय, एवढंसंच? मला वाटलं काय न् काय निघतंय."

"तू गप."

मग मी बोलले. सगळं सांगितलं, बस, सह्या, वकीलबाई, पत्रक. कोणत्या पोराशी बोलत नव्हते हेही सांगितलं, आणि ते सांगताना स्वतःचीच शरम वाटली. कारण त्याचा अर्थ होता की पोराशी बोलले असते तर तुमचं बराबर होतं. बाई बसचं बोलते हे सिद्ध करायला तिला आधी आपण कोणाशी काय बोलत नाही ते सिद्ध करावं लागतं. मोठ्या बाबांनी पत्रक मागितलं. त्यांना वाचता येत होतं, सावकाश. बोट ठेवून पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. घडी घातली.

"लिवलंय चांगलं," ते म्हणाले. "पण चोरून लिवलंय."

"उघड लिहू दिलं असतं का तुमी?"

"न्हाई."

"मग?"

माय दारातून म्हणाली, "उलटून बोलू नकोस गं." बा मातीत काडीनं रेघा ओढत होता. त्याला मेंढरांत बोलायला कोणी नसतं, त्यामुळे माणसांतही तो कमीच बोलतो. मोठे बाबा म्हणाले, उद्यापासून कॉलेज बंद, उन्हाळ्यात पाहुणे बोलावतो. तेव्हा बानं काडी टाकली.

"पेपर देऊ दे तिला. बाकी तू म्हणशील तसं."

लोक मला सांगतात, तुझा बाप तुझ्या बाजूनं उभा राहिला. राहिला, खरं आहे. पण त्याच्या त्या वाक्यात दोन तुकडे होते. पेपर मला मिळाले. "बाकी" मोठ्या बाबांना मिळालं, आणि त्या बाकीत पेपर सोडून माझं होतं नव्हतं ते सगळं आलं.

मोठ्या बाबांनी काळी बॉडी चुलीत घातली. घाण वास सुटला, मोठी माय खोकत बाहेर पळाली. "सैपाकाच्या चुलीत काहून घातलंत? आता भाकरीला वास यायचा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या फोनच्या सांध्यावर नवा रंग ओढला, जाड, गोठलेला, असा की उघडलं तर दिसावं. फोन त्यांच्या खिशात गेला.

फेब्रुवारी आणि मार्च मी घरात बसून काढले. वकीलबाईंना निरोप द्यायचा मार्ग नव्हता. मैत्रीण एकदा वह्या घेऊन आली तर मोठी माय आमच्या मधोमध बसून लसूण सोलत राहिली. सकाळी साडेआठला फाट्यावरून जीपचा हॉर्न ऐकू यायचा. मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बसायची आणि एकच ओळ पाच वेळा वाचायची. पाणी आण, शेण काढ, वाच. कोणी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. म्हणून तर सांगायला जड जातं. कोणाला दाखवावं असं अंगावर काही नव्हतं.

एप्रिलमध्ये पेपर सुरू झाले. मोठे बाबा रोज माझ्याबरोबर यायचे. जीपमध्ये मला आत बसवायचे, स्वतः फळीवर लोंबकळायचे. पासष्टीचा माणूस. परीक्षा संपेपर्यंत फाटकासमोरच्या लिंबाखाली पटका डोळ्यांवर ओढून बसायचे. निळा फोन त्यांच्या खिशात. चौथ्या पेपराहून परतताना फळीवरून आत वाकून म्हणाले, "कोण्या बाईचा फोन आला होता. बसच्या अर्जाचं इचारत होती. वर साहेबाकडं जायचंय म्हणे त्यांना, सोमवारी. तुझं नाव घालायचं का, म्हणत होती."

"मग? काय सांगितलं?"

"सांगितलं, आमची पोरगी आता त्यात न्हाई."

आम्ही जीपमध्ये होतो. आत बारा माणसं. एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, तीही माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "मोठे बाबा, फोन द्या."

त्यांनी खिशावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "पेपर किती राहिले?"

"दोन."

"मग?"

मी गप्प बसले. कोणी मला विचारलं की तू आयुष्यात सगळ्यात भित्री कधी होतीस, तर मी पुढच्या वर्षांतला मारहाणीचा, पोलिसांचा प्रसंग सांगणार नाही. मी ही जीप सांगेन. दोन पेपर राहिले होते आणि मी माझं नाव पुसू दिलं. मुलींनी ज्या सह्या केल्या होत्या त्या माझ्या पत्रकावर केल्या होत्या, आणि मी कोंबडीकडं बघत गावापर्यंत आले. पाचवा पेपर दिला. त्या दिवशीही काही बोलले नाही. रात्रीचा अभ्यास केला, सकाळी तेल लावून वेणी घातली. गप्प बसायला शिकवणारी शाळा आपल्याकडं घरातच असते आणि तिला सुट्टी नसते.

सहावा, शेवटचा पेपर शनिवारी होता. मी शेवटचं उत्तर लिहिलं, पुरवणीला दोरा बांधला, पर्यवेक्षकाच्या हातात दिली आणि फाटकाबाहेर आले. मोठे बाबा लिंबाखालून उठले.

"झाले?"

"झाले. आता फोन द्या."

ते माझ्याकडं बघत राहिले. माझ्याकडून काढून घेता येईल असं आता त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं, हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं. पाहुणे बोलावता आले असते, ते तर ते बोलावणारच होते. त्यांनी फोन दिला. म्हणाले, "बोल. मी रस घेऊन येतो," आणि समोरच्या रसवंतीकडं गेले.

तीन, सहा आणि नऊ कुठं आहेत ते बोटांना ठाऊक होतं. वकीलबाईंनी उचलला.

"अगं, तू? तुझ्या काकांनी सांगितलं, तू सोडलंस म्हणून. मी नाव काढलं तुझं. यादी टाइप होऊन आली परवा."

"परत घाला."

"बरं, बघते, सोमवारी सकाळी—"

"आत्ता घाला बाई. हातानं लिहा. मी थांबते."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा आला. रस्त्यावर उन्हाचं कोणी नव्हतं. स्टँडाच्या बाजूनं दोन माणसं येत होती आणि त्यांनी लांबूनच निळा फोन बघितला, हे मला दिसलं. मी तोंड भिंतीकडं केलं नाही.

"घातलं," बाई म्हणाल्या. "सगळ्यात खाली. चालेल?"

"चालेल. सोमवारी किती वाजता?"

"अकराला. येऊ देतील तुला?"

मोठे बाबा दोन ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे होते. केव्हापासून, ते माहीत नाही. ग्लासांवरचा फेस बसत चालला होता.

"ते विचारू नका," मी फोनमध्ये म्हणाले. "अकराला म्हणजे मला साडेआठची जीप लागेल."

फोन बंद केला. मोठ्या बाबांनी एक ग्लास पुढं केला. मी घेतला. तीन तास पाणी प्यायले नव्हते, घसा कोरडा पडला होता.